भिंतीवरचा रिकामा चौकोन

२९ ऑगस्ट १९९५

बातमी खरी आहे. इतकी वर्षं फुकट खेळणारे युनियन रग्बीवालेही आता खेळायचे पैसे घेणार — उघड उघड! आणि पैसेवाली लीग रग्बी खेळून आलेल्यांना सगळं माफ. सदतीस वर्षं माझ्या गेथिनला क्लबाच्या उंबऱ्याशी अडवलं, कारण तो उत्तरेला जाऊन पैसे घेऊन खेळला. मॅच बघायचा ती बांधावर, पावसात उभा राहून.

मार्चमध्ये तो गेला. पाच महिने आधी अक्कल आली असती यांना, तर!

२ सप्टेंबर

गल्लीतली मेन्ना आली, मनुकांच्या चकत्या घेऊन. तव्यावरून थेट.

"इद्वालचे गुडघे पार गेले गं. जिना चढताना नुसता कण्हतो."

कण्हायला नवरा आहे तरी! माझा जिना गप्प असतो.

चकत्या कोंबड्यांना घातल्या. नेहमीसारख्या.

३ सप्टेंबर

चॅपलमधून येताना मुद्दाम पलीकडच्या कडेने चालले. तरी दिसलीच — मेन्नाच्या खिडकीतली टोपी. लाल, सोनेरी गोंड्याची. देशाकडून एकदाच खेळला इद्वाल, पण मानाची टोपी मिळाली. काच रोज पुसते ती.

घरी येऊन गेथिनची पत्रं काढली, लग्नाआधीची. खेळताना मोडलेलं बोट वाकडंच बसलं, म्हणून अक्षरं सगळी मागे झुकलेली. वाऱ्यातल्या कुंपणासारखी. चार वाचली. पाचवं नाही वाचवलं.

५ सप्टेंबर

एकदा लिहून मोकळी होते.

जानेवारी अठ्ठावन्न. लीगवाल्यांनी गेथिनला एक मॅच खेळून दाखवायला बोलावलं. क्लबाला कळू नये म्हणून कागदावर नाव 'जोन्स' — आमच्या खोऱ्यात दगड मारला तर जोन्सलाच लागतो. सगळेच असं करत. मी बजावलं होतं, "आईला एकटी टाकून मी उत्तरेला येणार नाही." तो म्हणाला, "बरं बाई, नुसता बघून येतो."

परत आला. आठवड्यात क्लबाला निनावी पत्र. झालं — जन्मभराची बंदी! त्याचा फोटो क्लबाच्या भिंतीवरून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून घरी पाठवला.

"आता इथं काय उरलंय, केनवेन?" म्हणाला. मग काय, निघालो. आई खिडकीतून हात हलवत होती. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मी पोचले ती दफन झाल्यावर. गेथिनचं खेळणं संपल्यावर इथंच परत आलो.

आणि गेथिनची जागा कुणाला मिळाली? इद्वालला. टोपीसुद्धा. पत्र कुणी लिहिलं हे सांगायला ज्योतिषी नको.

गेथिनपाशी मेन्नाचं नाव काढलं, की तो बूट घालून बाहेर जायचा. चांगला होता फार.

१२ सप्टेंबर

सेल्विन दूधवाला आला. तोच आता क्लबाचा सेक्रेटरी.

"ताई, गेथिनचा फोटो द्या. तेवीस तारखेला लावतोय, इद्वालच्या शेजारी. भिंतीवर तो चौकोन अजून फिकट दिसतो बघा."

"आधी ते पत्र दाखव. नाहीतर फोटो कपाटातच राहील."

"जुनं उकरून काय मिळणार?"

"नाव मिळेल. ठेवलंय ना?"

हसला. "आमचा क्लब ढाली हरवतो, ताई. चहाड्या नाही हरवत."

१९ सप्टेंबर

पत्र सापडलं! फोटो लावायच्या आधी मला देणार. मेन्नाला सगळ्यांसमोर विचारणार आहे. निळा कोट उन्हाला टाकला.

२१ सप्टेंबर

वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडून बसले. एक पान तीनदा वाचलं. काय काय बोलायचं ते मनात घोकतेय. तिचा चेहरा कसा पडेल!

२३ सप्टेंबर

चार ओळी. सही नाही. अक्षरं सगळी मागे झुकलेली.

घडी घालून पर्समध्ये टाकलं. फोटो दिला. लागला. इद्वाल टाळ्या वाजवताना रडला.

मेन्नाने हळूच विचारलं, "ते पत्र लिहिणारा कोण होता गं?"

"वारला तो," म्हटलं.

तिच्या ताटातली एक चकती उचलली. माझ्यापेक्षा चांगली करते. मेली!