भिंतीला पाणी

४ फेब्रुवारी
चीर पडली! मुलांच्या शाळेसाठी मातीची खोली बांधतोय, तिच्या मागच्या भिंतीला, खिडकीखाली. केसाएवढी आहे, पण आहे. सगळी वस्ती पेंढा घालून चिखल तुडवतेय, भिंतीवर थर चढवतेय — आणि चीर कुणाला दिसत नाही. कामावर देखरेख लेकीची. तिला दाखवली. म्हणाली, वाळताना माती तडकतेच. तडकतेच म्हणे! नात याच खिडकीपाशी बसणार. जागा आत्ताच धरून ठेवलीय तिने.

५ फेब्रुवारी
आमचं सिमेंटचं घर बांधलं तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचो. आजतागायत चीर नाही. इथे भिंतीला कुणी थेंब दाखवत नाही. विचारलं तर हसतील. काळजीकाका म्हणतातच मला. कुणी यायच्या आत झारी घेऊन जाऊन आलो.

९ फेब्रुवारी
रोज जातो. चीर बुजली. जिवात जीव आला.

१४ फेब्रुवारी
भिंतीतून गवत उगवलंय! पेंढ्यातलं बी असेल. मुलांना गंमत वाटली. काम शिकवायला आलेल्या बाई — सगळे त्यांना मातीताई म्हणतात — त्या मात्र हसल्या नाहीत. भिंतीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

१७ फेब्रुवारी
भिंतीला पोट आलंय. सुतार म्हणाला, काळजीकाका, तुम्हाला सुटलं नाही ते हिला सुटलं. सगळे हसले. मीही हसलो. पाणी कमी पडत असेल. एक झारी वाढवली.

२० फेब्रुवारी
मातीताईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं. सिमेंटला पाणी लागतं, मातीला वारा. "ही पाणी प्यायली की बसते. मग उठत नाही." त्यांना वाटतं, जमिनीतून ओल चढतेय.
जमिनीतून कसली, माझ्या झारीतून! घरी येऊन झारी माळ्यावर टाकली.

२३ फेब्रुवारी
मातीताई दुसऱ्या कामावर गेल्या. पूर्ण वाळल्याशिवाय छप्पर नको, असं बजावून गेल्या. इथे धीर कुणाला आहे? पोट खरवडलं, वर गिलावा केला. दिसायला झकास.
लेकीला सगळं सांगून टाकलं. झारीचंसुद्धा. तिने आधी कपाळाला हात लावला, मग हसायलाच लागली. "बाबा, झारीभर पाण्याने भिंत पडत नसते. परवा गॅस सुरू राहिला म्हणून सगळ्यांना रस्त्यावर काढलंत. बंद होता."
बंद होता, खरं आहे.

२७ फेब्रुवारी
छप्पर चढलं. टाळ्या.

१ मार्च
आतल्या बाजूने, खिडकीखाली बोट दाबून पाहिलं. पेरभर आत गेलं — लोण्यात जावं तसं. लेकीला ओढत नेऊन दाखवणार होतो. आलीच नाही. "आता पुरे, बाबा." उद्यापासून मुलं बसणार. नातीने दप्तर भरून दाराशी ठेवलंय.

२ मार्च
उजाडलं. पहार घेतली. मुलं यायच्या आत ही भिंत पाडायची. बाहेरचा गिलावा घट्ट झालाय, आतूनच घाव घालावा लागेल. दाराला आतून कडी लावून घेतो — मला आवरायला म्हणून मागोमाग कुणी आत यायला नको.