सईची तुकडी, माझी पात

सोमवार, १६ जून
दत्ता, फोनवर सांगितलेलं चहा निवेपर्यंत बी तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. मागल्या सुट्टीत आलास आन् स्वतःच्या लेकीलाच इचारलंस, "कितवीत गं तू?" म्हणून हे लिहवून ठेवते. पुढच्या सुट्टीत वाच. बोल माझे, अक्षरं सईची. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ करायला बघते. दम दिलाय.
तर, सई सातवीत गेली. आज शाळा उघडली. आली ती न जेवताच बसली. "आजी, मला क तुकडीत टाकलं."
"बरं की! क कमळाचा. अ अननसाचा, त्यो हितं कुणी पिकवलाय?" (तू लहानपणी ओरडून पाठ करायचास, तेवढंच मला येतं.)
हसली न्हाई. यंदा मार्कांवरनं तुकड्या पाडल्यात. परीक्षेत ती काविळीनं आडवी, ते कुणी बघितलं न्हाई. तिची जिवाची मैत्रीण मुमताज अ मधी.

मंगळवार
पोट दुखतंय म्हणाली, शाळा बुडवली. संध्याकाळी मुमताज आली, तवा खरं दुखणं कळलं. अ मधली पोरं क तुकडीला ‘ढ’ म्हणत्यात.
"हे नको ना लिहू, आजी."
"लिही. बाप फौजी हाय, त्याला झेपंल."
मी म्हटलं, ढ ढगाचा. माझ्या माहेरी, दुष्काळी आटपाडीकडं, ढ दिसला तर माणसं नारळ फोडतील. तवा कुठं हसली.

बुधवार
आज सारखं जुनं आठवतंय. लग्न होऊन आले, तवा हळदीचं रान भांगलायला बसायचो. एकेकीला एकेक पात, म्हणजे आपापली पट्टी. माझी कायम मागं. तुझी चंद्राआत्या वरडायची, "ए आटपाडी, कडंला नको, मधी बस!" दोन्हीकडच्या बाया माझ्या पातीतलं गवत ओढत मला पुढं न्यायच्या. वर टोमणे, "वयनी, हळद उपटू नगा, गवत उपटा." हात कवा चालाय लागला, कळलंच न्हाई. भाकरी सोडायला साऱ्या एकदम बांधावर.
चंद्रावन्सं गेल्या. त्या रानात आता ऊस. खुरपं हातात घेतलं की अजून दोन्हीकडं कुणीतरी बसल्यागत...
सई मधीच म्हणाली, "पण तुझ्यामुळं त्यांना उशीर होत नव्हता का?"
व्हायचा की. लबाडी कशाला करू.

शुक्रवार
शाळेत जाऊन आले. वर्गाच्या बाई भल्या, खुर्ची दिली. म्हणाल्या, "आजी, मागं पडलेल्यांना सावकाश शिकवता यावं म्हणून वेगळं बसवलंय."
ते बी खोटं न्हाई. म्हटलं, "सावकाश शिकवा, बाई. पर कडंला बसवू नगा." काविळीचं सांगितलं.
"मुख्याध्यापकांना विचारते. चाचणीनंतर तुकड्या मिसळता येतात का, बघू."
ह्या ‘बघू’त व्हय का न्हाई, ते सईला बी वाचता येईना.

शनिवार
आज सई आपणहून गेली. वर्गात तिच्या शेजारी आरती म्हणून पोरगी बसती. गणितात पटाईत, वाचताना अडखळते. ही वाचून दाखवती, ती अपूर्णांक समजावती.
"मग क मधीच ऱ्हातीस?"
"न्हाई. मुमताज अ मधी हाय."
"आन् आरती?"
पेन चावत बसली. मुख्याध्यापकांचा निरोप अजून न्हाई.
दत्ता, तुझ्या तिकडं अक्रोड लय म्हणं. डोक्याला चांगलं असत्यात. पाठव. पर एकट्या सईपुरतं नको, साऱ्या तुकड्यांना पुरू देत. आन् फोडून पाठवू नको. फोडायच्या निमित्तानं तरी पोरं एका जागी बसतील.