शुबार खानाची आई

३ मार्च १९५२
राजधानीहून संस्थेचं पत्र. महाकाव्यातला आपला नायक आल्बार — ज्याच्यासाठी हे डोंगर पिढ्यान् पिढ्या रडले — तो वाईट निघाला! बाप सरदार होता म्हणे. आणि गावं जाळणारा शुबार खान? त्याचा मुलूख आता मित्रदेशात येतो, तेव्हा त्याच्याबद्दल जपून. दोन वर्षं मी या खेड्यात सर्गाक आजोबांच्या तोंडून हे महाकाव्य उतरवून घेतेय. अकरा वह्या भरल्या, आणि चांगलं कोण, वाईट कोण हेच मला कळलं नव्हतं! संस्थेने अजून कामावर ठेवलंय, हेच उपकार.

५ मार्च
आजोबांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "बुर्मा, पोरी, एवढं विचारून घे — घोडा कुठल्या बाजूचा?"
त्यांची बायको, कानिशाय आजी, तोंडाला पदर लावून हसल्या. मग लगेच दार लावून आल्या.

९ मार्च
संस्थेचे साहेब आले! कुल्मान. नवा हुकूम घेऊन: शुबार खान पुन्हा दुष्ट, आल्बार पुन्हा चांगला. वय तिशीचं, टोपी नवी, हातात लाल पेन्सिल. आजींनी मेंढी कापली, मानाचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं. ते खाऊन झाल्यावर वह्या खायला बसला.
शुबार खान मरतो तिथे त्याची आई विलाप करते. अडीचशे ओळी. पेन्सिल तिथे अडली.
"दुष्टाला आई कशाला?"
"मग तो काय आभाळातून पडला?" आजोबा.
"लोकांना तिची दया येते."
"येते ना. मलाही दर वेळी रडू येतं."
"मग लोकांनी द्वेष करायचा कोणाचा?"
आजोबांनी खरंच विचार केला. "तलवारीचा करा. तिला आई नसते."
कुल्मानने अडीचशे ओळींवर फुली मारली. एकच, पण ठसठशीत.

१० मार्च
आज पेन्सिलीला तीनदा टोक काढलं. आल्बार आता मेंढपाळाचा मुलगा आहे. अभिनंदन!

१४ मार्च
क्लबात सुधारलेल्या काव्याचं गायन. खच्चून गर्दी. आजोबा द्वंद्वापर्यंत आले आणि थांबले.
"कुल्मान, बाळा, आज कोणाला मारू? सकाळच्या टपालाने काही नवीन?"
सगळा क्लब हसला. मीही हसले — शालीत. आणि मग त्यांनी आईचा विलाप घेतला. अख्खा. फुली मारलेल्या अडीचशेच्या अडीचशे ओळी. मागच्या बाकांवरची माणसं हुंदके देत होती. कुल्मान मान खाली घालून बसला होता. अहवालाची वाक्यं जुळवत असणार.

१८ मार्च
आजोबांना नेलं. जीप दुपारी आली. आजींनी फडक्यात भाकरी बांधली. ड्रायव्हर म्हणाला, "कैद्याला सोबत काही नेता येत नाही."
"मग तू खा, बाबा. वाट लांबची आहे."
त्याने घेतली. आजोबांनी फक्त टोपी नीट केली.
वह्या पण गेल्या. शाब्बास, कुल्मान! गोष्टीत असली माणसं पहिल्याच लढाईत पडतात. इथे त्यांना बढती मिळते.

१९ मार्च
आजी काही विचारत नाहीत. माझ्या ताटात लोणी मात्र वाढतात.

२१ मार्च
जिल्ह्याच्या कचेरीत बोलावलं होतं. मला आणि कुल्मानला, दोघांनाही. बाहेर एकाच बाकावर बसलो. त्याने पेन्सिल खिशातून काढली, परत ठेवली. "तो विलाप," तो हळूच म्हणाला, "माझी आई अगदी तस्साच म्हणायची." मी भिंतीकडे बघत राहिले. असल्या माणसाशी काय बोलायचं!
आत आधी मला घेतलं. दहा मिनिटांत मोकळी. फार सभ्य माणसं, चहासुद्धा दिला.

२५ मार्च
कुल्मानने सही करायला नकार दिला. काल त्यालाही नेलं.
आजोबांविरुद्धच्या कागदावर एकच सही आहे. माझी.