आत्याचा अर्धा धवला

पनवेल, रविवार, १५ नोव्हेंबर १९९२

आज आत्या टीव्हीवर दिसली. तिला गव्हाणहून मुद्दाम घेऊन आलो होतो. कोकणातल्या लोकगीतांवर माहितीपट होता. लग्नात धवले गाणारी आता गावात ती एकटीच उरली आहे. तिने दोन ओळी म्हटल्या आणि निवेदक सुरू झाला. कसला भारदस्त आवाज! 'लोप पावत चाललेली परंपरा' म्हणे. मागे तिचे ओठ हलताहेत, ऐकू काहीच येत नाही.

गेल्या रविवारचा जमीन संपादनावरचा माहितीपटही असाच. शेतकरी तोंड उघडतो, बोलतो मात्र निवेदक. राजकारण असो की गाणं, यांना आमची नुसती तोंडं हवीत का?

"आरं, हा मधीच कशाला बोलतंय? माजा धवला सरला नाय," आत्या म्हणाली. आमच्यात धवला अर्धा सोडत नाहीत, नवरीला अशुभ. म्हणून पदर सावरून ती टीव्हीसमोरच पुढचं म्हणू लागली. चार ओळींनंतर अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडली. हल्ली लग्नाला बेंजो पार्टी येते, तिला कोण बोलावतंय? शूटिंगला मात्र तिने पुरा म्हटला होता. मी समोरच होतो. पण मला तरी कुठे आठवतोय?

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या बोलणाऱ्याला इचार ना. त्याच्याकडं हाय पुरा."

विचारतो, म्हणालो. कुठे जाऊन, ते तिने विचारलं नाही.