ज्याच्या बाजूला पडला, त्याने सांगायचं

६ एप्रिल
बाहेर अजून गुडघाभर बर्फ. टेनिस शाळेच्या जिममध्येच, छपराखाली, सुरू केलं. तिसरीचा वर्ग, बावीस पोरं. शून्य, पंधरा, तीस, चाळीस, गेम. दहा मिनिटांत शिकवतो असं मिसेस रुओनांना, म्हणजे आमच्या प्रिन्सिपल बाईंना, छातीठोकपणे सांगून आलो होतो. आर्व्हो नावाच्या कार्ट्याने विचारलं, तीसनंतर पंचेचाळीस का नाही? म्हटलं, नियम आहे. तर म्हणतो, कोच, तुम्हाला पंधराचा पाढा येत नाही का. सगळा वर्ग फिदीफिदी. तास संपला तेव्हा आम्ही तीसवरच होतो.
तीस मेला चार शाळांचे सामने. या वर्षी आपण जिंकणार. लिहून ठेवतो.

९ एप्रिल
नवे चेंडू आले. टाकाऊ माल. सरळ बघितलं की चेंडू गायब, जरा बाजूला बघितलं की दिसतो. रंगच धड दिलेला नाही. तक्रार करणार. बत्त्याही बदलायला हव्यात.

१४ एप्रिल, सकाळी
कार्लाचा फोन. ॲरिझोनात बसून बापाला अक्कल शिकवते. बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात का, गेलात का. एकच रेकॉर्ड. म्हटलं, ठणठणीत आहे. मग टपालपेटीचं विचारलं. शेजारच्या बाईने चुगली केलेली दिसते. खरं तर बर्फ काढणाऱ्या गाडीने पेटी रस्त्यात सरकवून ठेवली होती. अशा ठिकाणी ती कोणाच्याही गाडीला लागली असती.
सामने झाले की डॉक्टर. नक्की.

२१ एप्रिल
आज महत्त्वाचा धडा. आपल्या खेळात लहान मुलांना पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला, त्याने आत की बाहेर ते सांगायचं. मोठ्याने, लगेच. आणि नीट दिसलं नसेल तर चेंडू आत धरायचा, पॉइंट समोरच्याचा. पोरांना पटेना. आर्व्हो म्हणाला, म्हणजे आपल्याला दिसलं नाही म्हणून आपणच हरायचं? म्हटलं, होय बाबा. यालाच खेळ म्हणतात. मलाच माझं बोलणं आवडलं.
हेल्मी नावाची एक किडमिडीत पोरगी आहे, आठ वर्षांची. घरात-दारात तेच निळं जॅकेट. तिला एकटीला ते पटलं. पहिल्या गेममध्ये तिने स्वतःहून तीन पॉइंट देऊन टाकले आणि हरली. बावळट आहे, पण मनाने चांगली.

५ मे
कोर्ट कोरडं झालं. बाहेर आलो. हेल्मी माझ्या शेजारी येऊन उभी राहते आणि मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकते, आऊट, चार बोटं बाहेर. तीस-पंधरा. आत, रेषेवर. मी विचारलेलं नसताना. शेवटी झापलं. म्हटलं, मला डोळे आहेत. ती गप्प बसली. नंतरच्या अर्ध्या तासात चार भांडणं झाली आणि एकाने दुसऱ्याला रॅकेट मारली. पोरांना शिस्त राहिलेली नाही.

६ मे
हेल्मीला गुणलेखक नेमलं. उदारपणा माझा.

१२ मे
पेनं पूर्वीसारखी राहिली नाहीत. शाई फिकट. आजपासून ही वही जाड काळ्या मार्करने. एका पानावर सहाच ओळी मावतात. मावू देत.
शाळेची व्हॅन चालवायची तर डोळे तपासल्याचा दाखला हवा, असं ऑफिसातून कळवलंय. गेल्या खेपेला रांगेत माझ्या पुढचा माणूस अक्षरं मोठ्याने वाचत होता, त्यामुळे सोपं गेलं. या वेळी एकेकाला आत घेतात म्हणे. काय हा अविश्वास! पुढच्या आठवड्यात बघू.

२० मे
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
सर्व्हिस करून दाखवत होतो. पलीकडे नेटजवळ चेंडूंची निळी पिशवी पडली होती. म्हटलं, आर्व्हो, ती पिशवी उचल. तो म्हणाला, कोणती पिशवी? हा नेहमीचाच चावटपणा, म्हणून लक्ष दिलं नाही. मारली. वीस वर्षांत अशी सर्व्हिस बसली नव्हती.
पिशवी किंचाळली.
हेल्मी होती. खाली बसून चेंडू वेचत होती. भुवईवर पाच टाके पडले. डोळा वाचला, डॉक्टर म्हणाले.

२१ मे
मिसेस रुओनांनी बोलावलं. हेल्मी म्हणे त्यांना म्हणाली, चेंडू येताना मला दिसलाच नाही, म्हणून चूक कोचची धरू नका. बाईंना यातलं काही समजलं नाही. मला समजलं.
मग बाईंनी मला सरळ विचारलं, ती तुम्हाला दिसली होती का? मी म्हणालो, दिसली होती ना, स्वच्छ. पण सर्व्हिस मारली आणि ती मध्येच धावली. तोंडातून आपोआप निघालं. अगदीच खोटं नाही. पोरं धावतातच.

२२ मे
निकाल लागला. सर्व्हिस चालू असताना कोर्टात घुसली म्हणून हेल्मी सामन्यांतून बाद. शिवाय तिने मला माफीचं पत्र लिहायचं. मी बाईंना म्हणालो, पत्राची गरज नाही. एकदा म्हणालो. दुसऱ्यांदाही म्हणता आलं असतं. पण त्या घाईत होत्या.
तिची आई बाहेर उभी होती. मला म्हणाली, सॉरी हं कोच, आमच्या पोरीमुळे तुम्हाला त्रास. ही बाई मासळीच्या कारखान्यातून अर्धा दिवस रजा टाकून आली होती. मी म्हणालो, असू दे, असू दे. घरी येऊन जेवलो नाही.

३० मे
हरलो. अकराच्या अकरा सामने. वारा फार होता.
व्हॅन बाईंनी स्वतः चालवली. मला मागे पोरांच्यात बसवलं. वयाचा मान राखला म्हणायचा. दाखल्याचं त्यांनी काही काढलं नाही, मीही नाही. आर्व्हो वाटेत म्हणाला, हेल्मी असती तर निदान किती झालेत ते तरी कळलं असतं. त्याला गप्प बस म्हटलं.

१ जून, संध्याकाळी
शाळा सुटल्यावर हेल्मी जिममध्ये आली. पत्र आणलंय म्हणाली. घडी केलेला कागद हातात दिला आणि समोर उभी राहिली. आत्ताच वाचा म्हणाली.
उघडला. डोळ्यांपुढे धरला, थोडा लांब धरला. वाचायला लागतो तेवढा वेळ घेतला. मग म्हणालो, छान लिहिलंयस. अक्षर सुरेख आहे. झालं गेलं विसरून जा.
ती हळूच म्हणाली, कोच, त्यावर काहीच लिहिलेलं नाही.
म्हणाली, काय लिहू तेच सुचत नव्हतं. मी धावले नव्हते. खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून तसाच आणला. तुम्ही रागवाल वाटलं होतं.
मी म्हणालो, मला कळलं होतं कोरा आहे तो. तेही खोटं. तिने मान हलवली असावी. चेहरा मला दिसत नाही. कोणाचाच दिसत नाही, दोन वर्षं झाली. मध्यभागी नुसता राखाडी डाग. बाजूला तिचा एक कान आणि निळी बाही तेवढी दिसत होती.
तिला म्हटलं, मला बाईंच्या खोलीत घेऊन चल. बाहीला धरून तिने नेलं. मी बाईंना सगळं सांगितलं. पिशवीचं, व्हॅनच्या दाखल्याचं, टपालपेटीचंही. ती पोरगी जागची हलली नव्हती, हे दोनदा सांगितलं. बाई ओरडतील वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. माझ्या गाडीची किल्ली मागितली. मग विचारलं, तुम्हाला घरी न्यायला कोणाला फोन करू?
मी विचार करत बसलो. गावात एकही नाव सुचलं नाही.
शेवटी हेल्मीच्या आईने सोडलं. ती पोरीला न्यायला आली होती, तिला बाईंनी आत बोलावून सगळं सांगितलं. हेल्मी मागे बसली. माझा पट्टा लागेना, तो तिच्या आईने लावला. घर येईपर्यंत ती बाई माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.