मामाची जागा

टॅम्पिनीस, सिंगापूर
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून पत्र. एमआरटीत बसून तासाभरात तुझ्या सेम्बावांगच्या दारात उभी राहू शकले असते, पण तिथे तू बोलतोस आणि बाकीच्यांनी ऐकायचं असतं. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होईल.

इराचं लग्न मे महिन्यात, पोर्तुगालात दुआर्तच्या गावी, आपल्या पद्धतीने करायचं ठरलं आहे. गुरुजी लिस्बनहून येतील. हे कळल्यापासून तुझं नाक वर आहे. पण संजीव गेल्यापासून पोरीला वडील नाहीत आणि मामा एकच आहे. हात धरून तिला मांडवात आणायचं ते मामाने. मला एवढंच हवं आहे.

आम्ही मायलेकी गाव बघून आलो. डोंगराच्या उतारावर ग्रॅनाइटची घरं, माणसं थोडी आणि त्यांतही म्हातारी जास्त. किल्ल्यावर चढलो, तिथून स्पेन दिसतो. खाली ओढ्यावर रोमन लोकांनी बांधलेला पूल आहे, त्यावरून अजून शेळ्या जातात. गावाची एक सामायिक भट्टी आहे, आपापलं पीठ आणून बायका पाव भाजून नेतात. चर्चमधली वेदी सोन्याच्या वर्खाने मढवलेली. सोनं कुठून आलं असं तू विचारलं असतंस. मीही विचारलं. दुआर्तचे वडील जमिनीकडे बघत म्हणाले, ब्राझीलहून.

आता त्या फोटोबद्दल. त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. गावच्या चौकात पायऱ्यांच्या चौथऱ्यावर एक उंच दगडी खांब आहे, वर लोखंडी आकडे. मला वाटलं, ही तर दीपमाळ. आकडे दिव्यांसाठी असणार. बॅगेत पणत्या होत्याच. पायऱ्यांवर लावल्या, खांबाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. गाव गोळा होऊन गप्प बघत होतं. मी मनात म्हटलं, काय श्रद्धाळू लोक. हॉटेलवर आल्यावर दुआर्तने चाचरत सांगितलं की त्या खांबाला माणसं बांधून चाबकाने मारत.

तोवर मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता, नीलिमावहिनीने कौतुकाने तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि तेव्हापासून तू गप्प आहेस. माझी चूक झाली. तिची शिक्षा इराला देऊ नकोस.

लोभ होता. शिल्लक असेल तर कळव.
वीणा


सेम्बावांग
२२ नोव्हेंबर २०२५

चि. वीणा हिस आशीर्वाद. अनेक नाहीत, लागतात तेवढे.

ज्या आठवड्यात मी सेरंगूनच्या हॉलमध्ये उभा राहून गोव्यातल्या धर्मछळावर बोललो, त्याच आठवड्यात माझ्या सख्ख्या बहिणीने चाबकाच्या खांबाला कुंकू लावलं. मंडळाचा विक्रांत मला लिफ्टपाशी भेटला. ताई बऱ्या आहेत ना, एवढंच त्याने विचारलं. हसू मात्र त्याला दार बंद होईपर्यंत आवरलं नाही.

तुला ती दीपमाळ का वाटली ते मी सांगतो. तुला तसं वाटून घ्यायचंच होतं. परक्या गावात आपलं काहीतरी सापडलं की तिथे मुलगी देणं सोपं जातं.

आपली कुलदेवी आज जिथे आहे ते तिचं गाव नव्हे. आपल्या माणसांनी तिला कांबळ्यात गुंडाळून नदीपार नेलं, कारण देऊळ पाडणारे निघाले होते. जे मागे राहिले त्यांचं नाव बदललं, जेवण बदललं, देव बदलला. दारात तुळस ठेवणं गुन्हा ठरला. हे मी रचलेलं नाही, त्यांच्याच दफ्तरांत आहे, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून तू ते माझ्याबरोबर ऐकलेलं आहेस.

इराने पाठवलेले बाकीचे फोटोही पाहिले. लग्नाचं जेवण ज्या वाड्यात ठेवलंय म्हणता, त्याच्या पाटीवर लिहिलंय, शोधांच्या युगातलं वैभव. शोध कुणाचा? आम्ही काही हरवलो नव्हतो. भिंतीवर निळ्या फरशांचं चित्र आहे, त्यात नारळाची झाडं आहेत आणि पालखीत बसलेला एक साहेब. पालखी उचलणारे कोण आहेत ते भिंग घेऊन बघ. त्यांच्या खांद्यांखाली बसून तुम्ही श्रीखंड वाढणार.

लग्न इथे सिंगापूरला, देवळात करा. मी पहाटे येऊन पाणी भरीन. त्या मातीत मामा म्हणून मी पाय ठेवणार नाही. हा माझा शेवटचा शब्द, आणि तो मी विचार करून दिलेला आहे.

लोभाचं तूच ठरव.
शैलेंद्र


टॅम्पिनीस
३० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादास,
नमस्कार. साष्टांग घालायला कंबर वाकत नाही.

तू आयुष्यभर पगार घेतलास, बटाट्याची भाजी खाल्लीस, खिशात चावी घेऊन हिंडलास. हे सगळे शब्द त्यांचेच आहेत. ते तुला बाटवत नाहीत, माझी पणती मात्र बाटली. तू म्हणशील, चोर घरात चप्पल विसरून गेला म्हणून तो पाहुणा होत नाही. हे तुझं वाक्य मी दोन सभांत ऐकलं आहे. छान आहे. पण दुआर्त चोर नाही आणि इरा सभा नाही.

इतिहास तुझा खरा आहे. मी कधी नाकारला? पण तो तू फक्त व्यासपीठावरून सांगतोस, आणि तिथून तुला पहिल्या रांगेच्या पलीकडचं काही दिसत नाही. संजीवच्या शोकसभेत तू बोललास. सगळे म्हणाले, काय बोलला शैलेंद्र. टाळ्या वाजवायच्या नाहीत याची लोकांना आठवण करून द्यावी लागली. इरा त्या वेळी हॉलबाहेरच्या जिन्यात एकटी बसली होती. सातवीत होती. मामाचं भाषण कधी संपेल, असं तिने मला नंतर विचारलं.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी पुन्हा विचारणार नाही.

लोभाची सक्ती नाही.
वीणा


टॅम्पिनीस
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मामा,

माझं मराठी चुकेल, पण करेक्ट करून परत पाठवू नकोस. मागच्या वेळी वाढदिवसाच्या कार्डावर तू लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ नीट केले होतेस. मी ते अजून ठेवलंय, प्रेमाने नाही.

तुझी आणि आईची पत्रं मी वाचली. दोघं चांगलं लिहिता. पण लग्न माझं आहे, आणि मला कुणी काही विचारलं नाही. आईला मी विचारलं, ते वि. वि. म्हणजे काय. ती म्हणाली, विनंती विशेष. तुझ्या पत्रात मला एक पण विनंती सापडली नाही. सगळ्या ऑर्डर.

त्या वाड्यातलं जेवण मी कॅन्सल केलंय. पालखीतल्या माणसाच्या कॉलरची लेस चित्रकाराने धाग्या-धाग्याने काढलीय, आणि खाली उचलणाऱ्यांना धड डोळेसुद्धा दिले नाहीत. ते बघून माझ्या घशाखाली घास गेला नसता. दुआर्तच्या आईला मी हेच सांगितलं. ती म्हणाली की लहानपणापासून ती तिथे जाते, पण त्या लोकांकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. आता जेवण ऑलिव्हच्या बागेत आहे. हे तुझ्यामुळे नाही, सो प्लीज क्रेडिट घेऊ नकोस.

दुसरी बातमी. तू येणार नाहीस, म्हणून मामाचं काम जोआकिम करणार आहे. तो दुआर्तचा मामा, बस चालवायचा, आता रिटायर्ड. त्याला सगळं समजावलं तेव्हा तो म्हणाला, मामा तर मी आहेच, अजून एक भाची झाली तर काय बिघडलं. व्हिडिओवर तो प्रॅक्टिस करतो. फार फास्ट चालतो. पण मनापासून करतो. फेटा पण बांधणार आहे.

तुला चिडवायला लिहीत नाहीये. तू दुसऱ्या कुणाकडून ऐकू नये म्हणून लिहिलं.

इरा


सेम्बावांग
१९ डिसेंबर २०२५

चि. सौ. कां. इरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धाकट्यांना वि. वि. लिहीत नाहीत. हे तुझ्या आईने शिकवायला हवं होतं. तिने काय काय शिकवलं नाही याची यादी मोठी आहे, पण तिच्याशी माझं बोलणं बंद आहे.

किनारे घेतले, बंदरं घेतली. मुंबई तर परस्पर जावयाला आंदण देऊन टाकली. आता मामाची जागा. ती मिळणार नाही. मी येणार नाही म्हटलं होतं, जागा रिकामी आहे असं म्हटलं नव्हतं. श्री. जोआकिम यांना नम्रपणे सांग की त्यांनी पहिल्या रांगेत बसावं आणि अक्षता टाकाव्यात. फेटा बांधायला माझी हरकत नाही, मात्र तो कसा बांधतात हे त्यांना मी दाखवीन. तुमच्यापैकी कुणी बांधलेला मला चालणार नाही.

गैरसमज नको. माझं मत होतं तिथेच आहे. ती पाटी खोटी आहे आणि ते वैभव चोरीचं आहे, हे मी त्या गावात कुणी विचारलं तर सांगेन, न विचारता सांगणार नाही. वाड्यातलं जेवण रद्द केलंस ते स्वतःच्या बुद्धीने केलंस. बरं केलंस.

तिकीट काढलं आहे. लिस्बनहून बसने येईन, घ्यायला कुणी येऊ नये. नीलिमाला हॉटेल हवं आहे, मला कुठलीही खाट चालेल. तुझ्या आईची खोली शेजारची असली तरी तिने जे काय असेल ते पत्रानेच कळवावं.

लग्नाच्या दिवशी मी भाषण करणार नाही. आग्रह झाला तरी नाही.

खोलीच्या दारापासून मांडवापर्यंतचं अंतर किती आहे ते मला ठाऊक नाही. हळू चालू. तुला तेवढ्यात काही सांगायचं असेल तर सांग. मी ऐकेन.

तुझा मामा,
शैलेंद्र