मनातल्या मनात दही

अण्णा,

आज मी तुमच्यावर चिडलो आहे, आणि चिडून घ्यायला तुम्ही समोर नाही याचीही चीड त्यात मिसळली आहे. तुम्ही गेलात त्या वयाला मागे टाकून मी कधीच पुढे आलो. माझे केस तुमच्या केसांहून पांढरे झाले. तरीही या घरात वाद पेटला की मी बोलायला तोंड उघडतो आणि तेवढ्यात तुम्ही माझ्या विरुद्ध बाजूला जाऊन बसता. जिवंतपणी तुम्ही मला वादात जिंकू दिले नाही ते एक वेळ समजते, बाप होतात. पण आता माझ्याच नातीच्या तोंडून बोलायचे, याला काय म्हणावे?

ती तुमची पणती. इंजिनियरिंग शिकते, पण महाविद्यालयात जाऊन नव्हे. संभाजीनगरच्या एका कारखान्यात ती आठवड्याचे पाच दिवस काम करते, सहाव्या दिवशी तिचे वर्ग भरतात, आणि अशी काही वर्षे काढली की विद्यापीठ तिला पदवी देणार. याला डिग्री अप्रेंटिसशिप म्हणतात. मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले, शब्द कुठून आला हे सांगण्यात कधी अडलो नाही. पण ही मुलगी नेमके काय करते, हे नातेवाइकांना सांगताना माझी जीभ अडखळते. विद्यार्थिनी म्हणावे तर ती कारखान्याच्या भोंग्यावर उठते. नोकरदार म्हणावे तर परीक्षेच्या धास्तीने तिला ताप भरतो. परवा नांदूरघाटहून माझ्या मेव्हण्यांचा फोन आला. ‘‘पोरगी शिकती का कामाला हाय, ते एकदा नीट सांगा की.’’ म्हटले, दोन्ही. ‘‘दोन्ही कसं काय? घोड्यावर बसायचं का बैलावर, काहीतरी एक ठरवा. उद्या स्थळवाल्यानं इचारलं तर मी काय सांगू?’’ मी फोन ठेवून दिला. स्थळ आणायला त्यांना कोणी सांगितले होते?

पहिल्या वर्षी तिला तिथे लोखंडाचा एक ठोकळा दिला, एक कानस दिली, आणि हा सपाट कर म्हणून सांगितले. एवढेच. ती घासायची, शिकवणारे सर ठोकळ्याला निळा रंग फासून बघायचे, कुठे उंचवटा राहिला ते दाखवायचे आणि परत घास म्हणायचे. फोनवर ती रडकुंडीला यायची. ‘‘आबा, मी इंजिनियर व्हायला आले का लोहार व्हायला? हाताला फोड आलेत.’’ तेव्हा मी तिला तुमचेच उदाहरण दिले. सांगितले, तुझ्या पणजोबांनी मला कित्येक महिने अर्थावाचून नुसते पाठ म्हणायला लावले. एक स्वर खाली घसरला की परत पहिल्यापासून. अर्थ विचारला की म्हणायचे, आधी तोंड सरळ होऊ दे. हे सांगताना मला आपण फार मोठे सांत्वन करतो आहोत असे वाटले होते. त्याचे फळ पुढे मलाच मिळाले. दिवाळीत ती घरी आली, मी संध्येला बसलो होतो, आणि ही बाजूला उभी राहून म्हणते, ‘‘आबा, तुमचा पाट डुगडुगतोय.’’ तो पाट मी संसाराला लागल्यापासून डुगडुगतो आहे. त्या डुगडुगीवर माझे प्राणायाम बसले आहेत. तिने तो उलटा केला, एक पाय किंचित घासला आणि परत मांडला. आता तो हलत नाही. मला त्याविषयी तक्रार करायलाही जागा उरली नाही, आणि बसल्यावर काहीतरी चुकल्यासारखे वाटते ते वेगळेच.

पण आजचा राग पाटाचा नाही. खंडेनवमीचा आहे. तुम्हाला आठवते त्याच कोनाड्यात घट बसला होता, धान वीतभर वर आले होते, आणि नवमीच्या सकाळी अंगणातून ओट्यापर्यंत सगळी हत्यारे मांडलेली. तुमच्या वेळी नांगराचा फाळ आणि विळे असायचे. आता ट्रॅक्टर असतो. माझ्या मुलाने पहाटेच ट्रॅक्टर धुतला, त्याला झेंडूची माळ घातली, खोऱ्या-कुदळीला हळदीकुंकू लावले, औषध फवारायचा पंपसुद्धा मांडला. सूनबाईने पंचामृत कालवून ठेवले. नातीने तिची कानस ठेवली, हातोडी ठेवली, आणि हात जोडून मागे सरकली. माझ्या मुलाचे लक्ष तिच्या पिशवीतल्या लाकडी पेटीकडे गेले.

त्या पेटीत मायक्रोमीटर आहे. घोड्याच्या नालासारखा वाकलेला, एका टोकाला फिरकी असलेला. केसाच्या जाडीचेही भाग करून दाखवतो म्हणे. तिच्या सरांचा तो स्वतःचा, त्यांच्या उमेदवारीपासूनचा. दसऱ्यानंतर तिची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, तिचा हात बसावा म्हणून त्यांनी विश्वासाने सुट्टीपुरता दिला. त्या परीक्षेत उतरली तरच पुढचे वर्ष.

‘‘ती पेटी बी ठेव,’’ मुलगा म्हणाला.

‘‘पप्पा, ती न्हाई.’’

‘‘कावून?’’

‘‘त्याला पाणी चालत न्हाई. दही-मध तर लांबच राहिलं. बोटाचा घामसुद्धा पुसून ठेवावा लागतो.’’

‘‘अगं, देवीचं पाणी हाय ते!’’

‘‘देवीचं पाणी बी पाणीच हाय, पप्पा.’’

अण्णा, सूनबाई पंचामृतावर बसलेली माशी वारायला लागली. मग मुलाचा आवाज चढला. त्याची भाषा रानातली आहे, तुम्ही ऐकली असती तर कानावर हात ठेवले असते. ‘‘लई शानी झाली ही. ज्या हत्याराला देवीपुढं ठेवायची लाज वाटती, त्या हत्यारावर पोट भरायचं न्हाई. दसरा झाला की जायचं न्हाई तिकडं. बीडच्या कॉलेजात नाव घालू, गप चार पोरींसारखी शिक.’’ नात रडली नाही. तिने पेटी पोटाशी धरली आणि माझ्याकडे वळली. ‘‘आबा, तुमी सांगा. शास्त्रात काय हाय ते तुमी सांगा.’’

या गावात बाजारच्या रस्त्यावरसुद्धा मला थांबवून लोक शास्त्रात काय आहे ते विचारतात. आजवर मी कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवलेले नाही. मी घसा खाकरला. बोलणार होतो ते मुलाच्याच बाजूचे होते. साधन हे देवतेचेच रूप, त्याला पाण्याचा विटाळ कसला, श्रद्धेपुढे गंज तो काय: सगळे ओळीने तयार होते. आणि नेमके तेव्हा तुम्ही आलात, घटिकापात्र हातात घेऊन.

आपले जुने परसदार आहे, मी लहान आहे. आई तांब्याची भांडी चिंचेने घासते आहे, उद्या नांदूरघाटला लग्न लावायला तुम्हाला जायचे आहे, आणि तिने प्रेमाने तुमचे ते काळे पडलेले घटिकापात्रही घासायला घेतले आहे. तीच ती वाटी, जिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढे भोक, आणि जी पाण्यावर सोडली की भरून बुडेपर्यंत एक घटका होते. तुम्ही देवघरातून धावत येता. आईवर तुम्ही कधी आवाज चढवत नाही, आताही चढवत नाही, फक्त तिचे मनगट धरता. ‘‘हे नाही. घासलं की भोक मोठं होतं आणि घटका लहान होते. हे पूजेचं नाही, हे मापाचं आहे.’’ आई हिरमुसून म्हणाली होती, लग्नकार्यात एवढं काळं भांडं बरं दिसतं का? तुम्ही म्हणालात, दिसू दे. तुम्ही त्या वाटीशेजारी फूल ठेवायचात, वाटीत कधी नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात मी तुमच्या मागे बसलो होतो. यजमान मोठे जमीनदार, मनगटावर हैदराबादहून आणलेले घड्याळ. ‘‘जोशीबुवा, कवाच झाली की वेळ!’’ ते दोनदा म्हणाले. अख्खा मांडव मुठीत अक्षता धरून ताटकळलेला. तुम्ही घंगाळातल्या वाटीवरची नजर काढली नाही. ‘‘ते तुमचं घड्याळ. वाटी बुडू द्या.’’ मला तेव्हा तुमची लाज वाटली होती की अभिमान, हे मला अजूनही सांगता येत नाही.

तर हे सगळे माझ्या घशाशी आले आणि तयार केलेली वचने खाली गेली. आता सांगा, मी चिडू नये तर काय करावे? मी मुलाला घटिकापात्राची गोष्ट सांगितली. अगदी नीट, रसाळ सांगितली. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ‘‘आबा, ते तर जन्मभर पाण्यातच व्हतं की. त्याला पाणी चालत व्हतं.’’ एवढ्या वर्षांनी तुमचा दृष्टान्त माझ्या उपयोगी पडायचा, तर तोही मुळात गळका निघाला!

शेवटी मी मानसपूजेवर आलो. जिथे द्रव्य अर्पण करता येत नाही तिथे मनाने सर्व उपचार करावेत, आणि ती पूजा बाह्य पूजेहून उणी नाही, ही परंपरा तुम्हीच मला शिकवली होती, आपण प्रवासात असताना. म्हटले, पेटी उघडून देवीपुढे ठेवा, कोरडी. षोडशोपचार मी मनाने करीन.

‘‘म्हंजे मनातल्या मनात दही?’’ मुलगा म्हणाला.

‘‘होय. मनातल्या मनात दही.’’

‘‘लई सोयीचं शास्त्र हाय तुमचं.’’ पण तो खाली बसला. सूनबाई पदराआड हसत होती.

नातीने मला हात धुवायला लावले, मग कोरडे करायला लावले, मग परत बघितले. मऊ कागदाने तिने त्या यंत्राची दोन्ही तोंडे पुसली आणि फिरकी फिरवून ती एकमेकांना भिडवली. ‘‘आबा, बघा. शून्य आलं. काहीबी मोजायच्या आधी हे बघायचं. हे चुकलं की पुढचं समदं खोटं.’’ मला चष्म्यातूनही त्या रेघा धड दिसल्या नाहीत. मी हो म्हटले.

मी डोळे मिटले. आवाहन केले, आसन दिले, पाद्य, अर्घ्य, आचमन. घरातले सगळे श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत असावेत. पूजा संपली, डोळे उघडले, तेव्हा मुलाने विचारले, ‘‘झालं का सगळं यथासांग?’’ मी म्हटले, ‘‘झालं. सोळाही.’’  ट्रॅक्टरवर नारळ त्याने जरुरीपेक्षा जास्त जोराने फोडला.

दसऱ्याचे सोने वाटून झाले, दुसऱ्या सकाळी त्यानेच मोटारसायकल काढली. नात पिशवी घेऊन मागे बसली. पेटी त्याने तिच्याकडून मागून घेतली, स्वतःच्या धुतलेल्या उपरण्यात गुंडाळली आणि शर्टाच्या आत छातीशी खोचली. ‘‘रस्त्यानं लई धुरळा हाय,’’ एवढेच बोलला, तेही माझ्याकडे न बघता. जायचे ठरले हे मला कोणी सांगितलेही नाही. इतका वेळ शास्त्र उकलून दिले, त्याबद्दल एक शब्द नाही.

हे पत्र मी घडी करून तुमच्या घटिकापात्रात ठेवणार होतो. ते कोनाड्यात तसेच काळे आहे. पण कागदाचा कण भोकात अडकेल असे वाटून ठेवले नाही; पाटाखालीही सरकवले नाही, आता तो डुगडुगत नाही. उशाशी आहे, राहील तिथेच.

आणि एक गोष्ट, अण्णा, जी मी ओट्यावर कोणाला सांगितली नाही. पाचवा उपचार झाला, पंचामृतस्नानाची वेळ आली. मी मनाने दह्याचा चमचा भरून घेतला. मनातले दही मनातल्या लोखंडाला गंजवत नाही, एवढे मला कळते. तरी माझा हात पुढे होईना. कोणीतरी मनगट धरले होते. मी तसाच वस्त्राकडे वळलो. सोळा म्हणून सांगितले खरे; झाले पंधरा.